अपघात झाला, मग पुढे काय? सुरक्षेचा एक पाठ

4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. शाळेत प्रतिज्ञा होते, फळ्यावर घोषवाक्य लिहिलं जातं आणि विषय संपतो. यंदा मुलांसमोर आपल्याच बीड जिल्ह्यातली एक घटना ठेवून पाहा.

8 डिसेंबर 2017. परळी तालुक्यातल्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात ऐन गाळपात गरम रसाची टाकी फुटली. उकळता रस कामगारांच्या अंगावर आला. अनेक जण भाजले, काहींचा जीव गेला.

आता मुलांना विचारा, यानंतर काय व्हायला हवं? बहुतेक जण म्हणतील, "ज्याची चूक, त्याला शिक्षा." चौकशी आणि भरपाई हवीच, त्यात वाद नाही. पण समजा, एक माणूस घरी पाठवला आणि टाकी, पाळी, कामाची पद्धत तीच राहिली, तर त्या जागी उद्या दुसरा उभा राहणार. म्हणून 'कोणी केलं' याच्या पुढचा प्रश्न विचारायला शिकवा: असं घडू कसं शकलं? अशा कोणत्याही टाकीची तपासणी शेवटची कधी झाली? आधी गळती, वेगळा आवाज असं काही जाणवलं होतं का? जाणवलं तर सांगायचं कोणाला? आणि 'काम थांबवा' म्हणायचा अधिकार साध्या कामगाराला होता का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

हाइनरिख नावाच्या अमेरिकी विमा अधिकाऱ्याने 1931 मध्ये मांडलं, की एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ अपघात आणि इजा न झालेल्या 300 घटना असतात. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, ते पाठ करून घेऊ नका. मुद्दा एवढाच की इजा न झालेली घटनाही नोंदवण्यासारखी असते. आपल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्येही कलम 88-अ नुसार ठरावीक धोकादायक घटना, कोणाला इजा झालेली नसली तरी, कळवणं बंधनकारक केलं गेलं. आपल्याकडे मात्र "थोडक्यात वाचलो बघा" म्हणायचं आणि चहाला जायचं! सांगणाऱ्यालाच बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो गप्प राहतो.

आणि आपल्या जिल्ह्यातली खरी अडचण तर याच्याही पुढची आहे. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडात साप चावतो, ओली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना पाय घसरतो, रात्री ट्रॉली उलटते. ऊस कारखान्याचा, पण मजूर मुकादमाच्या टोळीतला आणि जागा आवाराबाहेरची. त्यामुळे कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत हे सहसा येतच नाही. जे वहीत नाही, त्यातून कारखाना शिकणार कसा?

हंगाम संपवून परतलेली मुलं वर्गात असतील, तर त्यांना 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग लिहायला सांगा. वेळ कोणती, उजेड होता का, काय घडता घडता राहिलं, काय बदललं असतं तर ते टळलं असतं. कारखान्याचं किंवा मुकादमाचं नाव मात्र लिहून घेऊ नका. पुढच्या हंगामाची उचल घरच्यांना त्याच्याकडूनच घ्यायची असते.