इंजिन उतरवण्याआधी

चि. गौरी,

अण्णांची अ‍ॅम्बेसेडर तुझ्या ताब्यात आली आणि तू ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतलेस, हे फार बरे झाले. बेत मात्र एका ठिकाणी मला पटत नाही. गाडी गॅरेजात गेली की आधी अण्णांनी बसवलेले मॅटाडोरचे डिझेल इंजिन उतरवायचे, ते भंगारात घालायचे आणि त्या जागी १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन शोधून बसवायचे, असे तू ठरवले आहेस. माझे म्हणणे असे की इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि बहुधा लावूच नये. का, ते जरा विस्ताराने लिहितो. पटले नाही तर सोडून दे, गाडी तुझी आहे.

गाडी मूळ रूपात आणायची म्हणजे नेमके कोणत्या रूपात, हे आधी ठरायला हवे. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्सने ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली तेव्हा तिच्यात १४७६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. ते १९५९मध्ये गेले आणि बीएमसी या ब्रिटिश कंपनीचे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे १४८९ सीसी इंजिन आले, म्हणजे आज तुला जे अस्सल वाटते आहे ते. पुढे कारखान्याने स्वतःच डिझेल दिले, नव्वदच्या दशकात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसवले, आणि २०१४मध्ये उत्पादन बंद पडेपर्यंत अंगावरचा पत्रा जवळजवळ तोच ठेवला. कुर्ल्याच्या प्रीमियरनेही निराळे काही केले नाही. ११८ एनई म्हणजे फियाट १२४च्या अंगात निस्सानचे इंजिन. नवे मॉडेल आणायला परवाना नाही, परकीय चलन नाही, अशा दिवसांत जुन्या अंगात दुसरे इंजिन घालणे ही या देशातली मोटार बनवण्याचीच रीत होती. कारखाने जे करत होते तेच गावोगावचे फिटर करत होते. १९७३-७४मध्ये जगभर कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले, पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे, दैमलर-बेंझच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन दणकट होते आणि त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळत. म्हणून ते अ‍ॅम्बेसेडरमध्ये गेले, कंटेसात गेले, जीपमध्ये गेले. अण्णांनी ऐंशीच्या दशकात केलेला बदल हा त्या काळाचा हिशेब आहे, आणि तो बॉनेटखाली जसाच्या तसा शाबूत आहे. तो पुसून गाडी १९६५ सालची दिसेल खरी, पण मधली चाळीस वर्षे ती कोणाकडे होती आणि कशी चालली याचा पुरावा जाईल.

हे माझेच तर्कट समजू नकोस. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद तयार झाली, तिचे एक मुख्य सूत्र असे की वास्तूत निरनिराळ्या काळांत पडलेली चांगली भर राखावी. सगळे एकाच काळाचे दिसावे हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. यादवकालीन देवळापुढे मराठेशाहीत दीपमाळ उभी राहिली म्हणून ती पाडा, असे कोणी शहाणा म्हणत नाही. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, याच सनदेच्या आधारावर तुरिन सनद मान्य केली. तिच्यातही गाडीच्या वापराच्या काळात झालेल्या बदलांना तिच्या इतिहासाचा भाग मानले आहे, आणि आज आपण जे नवे करू त्याची नोंद ठेवा असे सांगितले आहे.

यावर तुझा पहिला आक्षेप मला दिसतो: पेट्रोल इंजिन घातले की गाडी निदान कंपनीतून निघाली तशी तरी होईल. पण होईल का? तिचे स्वतःचे इंजिन केव्हाच गेले. तू जुन्या बाजारातून आणशील ते दुसऱ्या कुठल्या तरी मोडीत निघालेल्या अ‍ॅम्बेसेडरचे. त्याच्या ब्लॉकवरचा नंबर वेगळा, साल बहुधा वेगळे, आणि बोअरिंग किती वेळा झाले आहे देव जाणे. म्हणजे तेही बदललेलेच इंजिन; फक्त हा बदल तुझा आणि २०२०नंतरचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. डिझेल ठेवलेस तर हा मान मिळणार नाही, हे मी कबूल करतो. तोच तुझा हेतू असेल तर तुझी बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. पण त्या मानाबरोबर काय येते तेही वाच. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची. नेहमीच्या वापरासाठी नाही. तू तर लिहितेस की गणपतीला कोकणात ती घेऊन जायची आहे. मग तुला साधी नोंदणी आणि दर पाच वर्षांचे नूतनीकरणच हवे.

‘डिझेलने गाडी खिळखिळी केली,’ ही तक्रार खरी असू शकते, पण तपासून बघ, ऐकीव धरू नकोस. अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडीच भार घेते. जड इंजिनासाठी फिटरने नवी माउंटिंग वेल्डिंगने बसवली असतील, तर त्या वेल्डिंगच्या कडेने पत्रा तडकतो. पुट्टी आणि अंडरकोट खरवडून, विजेरी धरून तिथे पाहा. पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचे आहे. वाढलेल्या वजनाने नाक खाली आले असेल तर बारच्या खाचा बदलून उंची परत मिळते, त्यासाठी इंजिन फेकावे लागत नाही. गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट मध्यावर नसेल तर क्लच लवकर जातो आणि लोक नाव इंजिनाचे घेतात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन चुकला असेल तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते. नोझलकडून टाकीकडे परत जाणारी डिझेलची नळी कशी नेली आहे, तीही पाहा. एग्झॉस्टला खेटून रबरी पाइप नेण्याचा आळस पुष्कळांनी केलेला आहे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेले असे, डिझेलबरोबर आलेल्या अल्टरनेटरला निगेटिव्ह लागते. हे वायरिंग अर्धवट बदललेले असेल तर नव्याने ओढून घे. आणि ब्रेक! चारही चाकांना ड्रम, पुढे वजन वाढलेले. रंगाआधी पैसे ब्रेकवर घाल. रंग तर सगळेच आधी लावतात. या कामांतले एकही इंजिन बदलून आपोआप होणार नाही. उलट पेट्रोल घातलेस की माउंटिंग पुन्हा कापावी लागतील, आणि एकदा कापून जोडलेला पत्रा दुसऱ्यांदा कापणे हे त्या बॉडीला कितपत सोसेल, हा प्रश्न आहेच.

आता कागद. इथे माझी बाजू पडू शकते. आरसी बुकात इंधन डिझेल लिहिलेले आहे का, आणि तिथला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, हे गाडी हलवण्याआधी बघ. दोन्ही जुळत असतील तर बदल रीतसर नोंदलेला आहे आणि माझे सगळे म्हणणे उभे राहते. पेट्रोलच लिहिलेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल आज नव्याने मान्य करून घेणे अवघड आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवील. तेव्हा पेट्रोलकडे परत जाणेच शहाणपणाचे, आणि त्यालाही आरटीओची परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. एजंटाच्या भरवशावर राहू नकोस. अर्ज स्वतः कर.

कागद काहीही सांगोत, पेट्रोल इंजिन रास्त भावात मिळत असेल तर पावतीसकट घेऊन ठेव. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोड, तोंडे बंद कर आणि कोरड्या जागी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून दे. आरसीच्या पहिल्या दोन पानांचे फोटो मात्र या आठवड्यातच पाठव.

तुझा,
काका