फळं तोडायला जायचंय? आधी गणित करा!

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठीचा पेपर म्हटला की माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आता तुम्ही पोटात घाला.

मार्च 2025 मधली गोष्ट. संध्याकाळी मेसला जायच्या आधी सबमिशनच्या फाइली पूर्ण करत बसले होते, तेवढ्यात आत्येभावाचा फोन आला. ऑस्ट्रेलियातून, क्वीन्सलँड राज्यातल्या गेंडा नावाच्या गावातून. (हो, गावाचं नाव खरंच गेंडा आहे!) हा पठ्ठ्या पाठीवर सॅक टाकून देश बघायला गेला होता, आणि मध्ये मध्ये शेतावर फळं तोडून खर्च काढायचा असा प्लॅन होता. म्हणाला, "अगं, इथं संत्र्यांची झाडं लगडलीत, पण फळं अजून हिरवी आहेत. मी बसून आहे."

झालं होतं असं. त्याने तिथल्या एका हॉस्टेलला फोन करून विचारलं, काम आहे का? उत्तर आलं, भरपूर आहे, ये. गेंडाच्या भागात मँडरिन म्हणजे आपल्या संत्र्यासारखं फळ होतं आणि त्याची तोडणी एप्रिलपासून जोर धरते. दादा पोचला मार्चच्या मध्याला. चोवीस दिवस बसून! बरं, निघून का नाही गेला? तर तिथं कामाच्या यादीत नाव कॉटबरोबर लागतं. कॉट सोडली की नंबर गेला. म्हणजे काम देणारा आणि भाडं घेणारा एकच. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादमाची उचल बांधून ठेवते, तिथं भाडं बांधून ठेवतं, एवढाच फरक. या चोवीस दिवसांचं गणित खाली करू, पण त्याआधी हे सगळं आपल्याला का सांगतेय ते ऐका.

पूर्वी हा विषय आपला नव्हताच. अशा काम-आणि-सुट्टीच्या व्हिसांवर जाणारी मुलं ब्रिटन, जर्मनी, कोरियाची असायची. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे 2024 पासून 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा (नंबर 462) भारतीयांनाही मिळू लागला. वय 18 ते 30, बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण, कामापुरतं इंग्रजी, आणि जवळ साधारण पाच हजार डॉलर असल्याचा पुरावा. म्हणजे टी.ई. मध्ये पोचलेला आपल्यातला प्रत्येक जण शिक्षणाच्या अटीत बसतो. मग अडतं कुठे? जागा वर्षाला फक्त 1000, आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, बॅलटने. ऑक्टोबर 2024 मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 40,000 जणांनी नावं दिली. नोंदणी फी 25 डॉलर. दादाचा नंबर लागला आणि आत्याने एफ.डी. मोडली.

आता गणित. जुलै 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झालं. हंगामी (कॅज्युअल) कामगाराला पगारी रजा नसते, म्हणून 25 टक्के जास्त मिळतात. शेतीतला अगदी खालचा दर्जा धरला तरी ताशी साधारण 30 डॉलर. आठवड्याला 38 तास धरले तर 1140. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के टॅक्स कापतात, म्हणजे हातात 969. कॉटचं भाडं 220 आणि खाणं 100 धरू (हे आकडे दादाचे). खर्च 320. शिल्लक जवळजवळ 650! रुपयात करून बघितलं की डोळे चमकतात, माझेही चमकले होते.

पण भाडं बसलेल्या माणसालाही तेवढंच. 320 ला 969 ने भागा, 0.33 येतं. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा कामात गेला तर तुम्ही नुसते तरंगता, पुढे सरकत नाही. आणि 38 तास मिळतात असं तरी कुठंय? पाऊस पडला की ओली फळं तोडत नाहीत, बाजारभाव पडला की मालक थांबतो. आठवड्याला 25 च तास मिळाले तर हातात साधारण 637, आणि मग निम्मे आठवडे काम हवंच. दादाच्या चोवीस दिवसांत साधारण 1100 डॉलर गेले, साठ हजार रुपयांच्या आसपास. काम कमी पैशाचं होतं म्हणून नाही हं, कामच नव्हतं म्हणून. या सगळ्या प्रकरणात मारणारी गोष्ट मजुरीचा दर नाही, दोन हंगामांमधली फट आहे. प्लॅन करायचा तो फटीचा.

त्यासाठी आधी डोक्यातलं कॅलेंडर उलटं करावं लागतं. तिकडे जूनमध्ये थंडी, डिसेंबरमध्ये उन्हाळा. डिसेंबर-जानेवारीत टास्मानियाची चेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिल्ड्युराची द्राक्षं, मार्च ते मे टास्मानियाच्या ह्युऑन व्हॅलीत सफरचंद. थंडीत उत्तरेकडे सरकायचं: गेंडाला मँडरिन, कॅबूल्चरला स्ट्रॉबेरी, बोवेनला टोमॅटो, आणि नोव्हेंबरपासून बोवेनलाच आंबा. टलीकडे केळी बाराही महिने. सरकारची हार्वेस्ट ट्रेल नावाची मोफत माहितीसेवा आहे, तिच्या नॅशनल हार्वेस्ट गाइडमध्ये कुठल्या भागात कुठलं पीक कधी निघतं हे सगळं दिलेलं असतं. पण गाइड महिना सांगतं, तारीख नाही. ती झाडाला विचारायची, म्हणजे फोन करून.

आणि फोनवर "काम आहे का?" असं विचारूच नका. कॉट रिकामी असेल तर उत्तर हो असंच येणार. विचारायचं असं: तुमच्याकडे आज किती जण राहताहेत? काल त्यातले किती कामावर गेले? यादीत माझ्यापुढे किती? चाळीस राहतात आणि दहा गेले म्हटलं की तिकीट काढायचं नाही. हे दादाने मला नंतर शिकवलं, स्वतःचे 1100 डॉलर भरून. मजूर पुरवणारा एजंट असेल तर क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियात त्याला लायसन्स लागतं, त्याची यादी कुणालाही बघता येते. डिपॉझिट दिलं तर पावती घ्यायची.

आता उक्त्या कामाबद्दल, म्हणजे तासावर नाही तर पेटीवर पैसे. याचा प्रयोग मी स्वतः केलाय! जानेवारीच्या सुट्टीत मामाच्या द्राक्षबागेत, निफाड तालुक्यात. घडाला हात लावायचा नाही, देठ धरून कात्रीने कापायचा, नाहीतर मण्यावरची पांढरी लव जाते आणि एक्स्पोर्टचा माल बाद. पहिल्या तासात माझे तीन क्रेट झाले, शेजारच्या मावशींचे आठ. तिसऱ्या दिवशी मी पाचवर आले, कंबर मात्र गेली. मावशी म्हणाल्या, "पुस्तकापेक्षा जड हाय का न्हाई?" मजुरी क्रेटवर असती तर पहिल्या दिवशी माझं जेवणही सुटलं नसतं.

ऑस्ट्रेलियात अगदी हेच व्हायचं. नवी मुलं दिवसभर राबून किमान वेतनाच्या कितीतरी खाली कमवायची. तिथल्या कामगार संघटनेच्या अर्जावर फेअर वर्क कमिशनने नोव्हेंबर 2021 मध्ये निर्णय दिला, आणि 28 एप्रिल 2022 पासून फळबागेतल्या उक्त्या कामालाही किमान ताशी वेतनाची हमी मिळाली. पेट्या कमी भरल्या तरी जितके तास काम, तितके तासाचे पैसे. शिवाय मालकाने तासांची नोंद ठेवायलाच हवी. तुम्हीही वहीत रोज सुरू-बंद वेळ लिहा. पण एक गोम आहे. कॅज्युअल कामगाराला उद्या बोलावलंच पाहिजे असं बंधन नाही. हमी आजची आहे, उद्याची नाही. म्हणजे पुन्हा फट!

शेवटचा मुद्दा राहण्याचा, आणि हा आपल्या हॉस्टेलवाल्यांनी नीट वाचा. क्वीन्सलँडमध्येच चिल्डर्स नावाचं गाव आहे. तिथल्या बॅकपॅकर हॉस्टेलला 23 जून 2000 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. 15 जण गेले, बहुतेक फळतोडणीला आलेली आपल्याच वयाची मुलं. आग एका माणसाने लावली होती. पण आगीचा अलार्म चालू नव्हता, आणि एका खोलीत खिडक्यांना गज होते आणि दाराला बंक बेड आडवा. त्यानंतर क्वीन्सलँडने स्वस्त निवासांचे नियम कडक केले. तरीही नवीन ठिकाणी सॅक ठेवायच्या आधी बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे आणि ते उघडतं का, हे बघायचं. (आपल्या मागच्या जिन्यात कोणाच्या सायकली असतात ते मी इथं लिहीत नाही. रेक्टर सर, प्लीज.)

दादा शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कामाला लागला. जुलैपर्यंत आत्याचे निम्मे पैसे परत पाठवले, मग समुद्रकिनाऱ्याने उत्तरेकडे फिरत फिरत बोवेनला गेला. या वेळी कालचा आकडा विचारून. मी पासपोर्टचा फॉर्म भरलाय. आईला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे हा अंक कृपया कोणी आमच्या घरी पाठवू नका.