पेंढी उकलून पाहा

आमची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली, तेव्हा तिच्या गव्हाणीत विकत आणलेली वाळकी लसूणघास होती. वरून हिरवीगार. पेंढी उकलली तर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास. गाभडण्याची कारणं अनेक असतात, बुरशीची वैरण हे त्यातलं एक. डॉक्टरांनी ती लगेच बंद करायला लावली. तेव्हापासून वैरण मी घरीच पिकवतो, घरीच वाळवतो.

पिकवणं अवघड नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची लसूणघासेची आर. एल. ८८ ही जात लावा, पहिली कापणी दोनेक महिन्यांत येते, पुढच्या २५-३० दिवसांनी. बियाणं मात्र पारखून घ्या. अमरवेलीचे पिवळे धागे दिसले, तर बी धरायच्या आत तेवढा तुकडा कापून जाळा.

खरी कसोटी वाळवताना लागते. शेकडा दहा झाडं फुलली की कापा. उशीर केला की काड्या जून होतात. निम्म्याहून जास्त प्रथिनं पानांत असतात, आणि दुपारच्या उन्हात घास हलवली की पानंच झडतात. म्हणून सकाळी, पानं मऊ असताना उलथा. पावसाळ्यातली कापणी हिरवीच खाऊ घाला, वाळवायच्या नादी लागू नका.

गंजी घालण्याआधी काडीची साल नखानं खरवडा. साल सुटली तर घास अजून ओली. दुसरी खूण : कोरड्या बरणीत मूठभर कुट्टी आणि थोडं मीठ घालून हलवा. मिठाचे खडे झाले तर थांबा. ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. नंतरही गंजीत रोज हात घालून बघा. ऊब लागली तर त्याच दिवशी मोडून पसरा. ओली गंजी आतून पेट घेते.

सगळ्यांना एकच वैरण नको. पानाळ लसूणघास दुभत्या जनावरांची. विण्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र ती आवरा. तिच्यात कॅल्शियम फार, त्यानं व्यायल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. बैलांना कडबा, मारवेल पुरतं. शेळ्या तुडवलेलं खात नाहीत, त्यांच्या पेंढ्या टांगा. घोड्याला धूळ, बुरशी अजिबात चालत नाही; त्याचा दमही बिघडतो आणि पोटही. बुरशीची पेंढी ‘बैलाला चालते’ म्हणून गव्हाणीत टाकणारे पुष्कळ भेटतात. बैलालाही नको, ती सरळ उकिरड्यात जाऊ द्या.