झोळीवाल्याचा प्रवास आणि त्याचे अन्न

इतिहासाच्या शिक्षकाने पक्ष्याविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. इतिहास म्हणजे केवळ राजांची नामावली नव्हे. ऐकीव गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांत भेद करण्याची ती शिस्त आहे. तथागतांनी कालामांना हीच शिस्त सांगितली होती. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये. हा उपदेश एका पक्ष्याला लावून पाहावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे. तो पक्षी म्हणजे पेलिकन, मराठीत झोळीवाला.

दोन पक्षी, दोन कथा

मध्ययुगीन युरोपात अशी समजूत होती की, पेलिकन मादी स्वतःची छाती चोचीने फाडते आणि त्या रक्तावर पिल्ले जगवते. त्यामुळे हा पक्षी त्यागाचे प्रतीक ठरला. चर्चमधील शिल्पांत आणि चित्रांत त्याला मानाचे स्थान मिळाले. आपल्याकडील बकजातकातला बगळा याच्या नेमका उलट आहे. आटत चाललेल्या तळ्यातील माशांना तो दुसऱ्या तळ्यावर नेण्याचे आमिष दाखवतो आणि एकेकाला खाऊन टाकतो. शेवटी एक खेकडा त्याचा गळा कापतो.

एक पक्षी संत ठरला, दुसरा ठग. प्रत्यक्षात दोघेही मासे खाऊन जगतात. जातककथा माणसातील कपटाविषयी बोलते, हे ध्यानात ठेवले तर तिचे मोल कमी होत नाही. परंतु कथेतील गुणदोष जेव्हा एखाद्या जिवाला जन्मतःच चिकटवले जातात, तेव्हा सावध व्हावे. जन्मावरून कोणाला पवित्र आणि कोणाला अपवित्र ठरवण्याने काय होते, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही.

झोळी कशासाठी

पांढरा झोळीवाला हा जगातील सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे. नराचे वजन 9 ते 15 किलोपर्यंत असते आणि पसरलेल्या पंखांची लांबी तीन मीटरच्या आसपास भरते. त्याच्या खालच्या चोचीला लवचीक कातडीची पिशवी लोंबते. या पिशवीत तो मासे साठवून नेतो, असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. पिशवी हे साठवणीचे भांडे नव्हे, ते मासे पकडण्याचे जाळे आहे. चोच पाण्यात घालताच पिशवी फुगते आणि माशांबरोबर कित्येक लिटर पाणी आत येते. मग पक्षी चोच छातीकडे टेकवून पाणी निथळू देतो आणि मासा गिळतो. छातीवर टेकलेली ही चोच पाहूनच रक्ताची कथा जन्मली असावी, असा एक तर्क आहे. पिल्लांना मिळते ते रक्त नव्हे. आईबापांनी पोटातून परत वर आणलेले अर्धपचलेले मासे पिल्ले खातात. थोडी मोठी झालेली पिल्ले तर डोके थेट त्यांच्या घशात घालून आपला वाटा घेतात. उन्हाळ्यात हीच पिशवी थरथरवून पक्षी शरीरातील उष्णता बाहेर टाकतो.

त्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असल्याने तो पाण्यावर सहज तरंगतो, पण खोल बुडी मारू शकत नाही. म्हणून ही जात बहुधा एकत्रितपणे मासेमारी करते. आठ-दहा पक्षी अर्धवर्तुळ करून पोहतात, मासे उथळ पाण्याकडे हाकतात आणि जवळजवळ एकाच क्षणी सगळ्यांच्या चोची पाण्यात जातात. एका पक्ष्याला दिवसाला साधारण एक ते दीड किलो मासे लागतात.

डॅन्यूबपासून आफ्रिकेपर्यंत

या जातीची युरोपातील सर्वांत मोठी वसाहत रुमानियातील डॅन्यूब नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तेथे वेताच्या दाट बेटांत वसंतात घरटी होतात. साधारण महिनाभर अंडी उबवली जातात आणि पिल्लांना उडता येण्यास आणखी दोन-सव्वादोन महिने लागतात. हिवाळ्यात तेथील पाणी गोठू लागले की मासे चोचीच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून शरद ऋतूतच थवे दक्षिणेकडे निघतात आणि तुर्कस्तान, भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा व इस्रायल या मार्गाने आफ्रिकेत पोहोचतात.

एवढे जड शरीर पंख फडफडवत हजारो किलोमीटर नेणे परवडणारे नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर चढायचे आणि पंख स्थिर ठेवून पुढे घरंगळत जायचे, ही त्याची रीत. असे प्रवाह समुद्रावर फारसे नसतात आणि रात्री विरून जातात. म्हणून त्याचा मार्ग शक्यतो जमिनीवरून आणि दिवसाउजेडी जातो. रांगेत उडण्याचाही लाभ होतो. सेनेगलमधील शिकवलेल्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके शास्त्रज्ञांनी मोजले. एकट्याने उडण्यापेक्षा थव्यात उडताना ते 11 ते 14 टक्क्यांनी कमी पडत होते. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला.

भारतातही हा पाहुणा येतो. गुजरात आणि राजस्थानातील पाणथळ जागी हिवाळ्यात त्याचे थवे उतरतात.

वाटेवरची भूक

खरा प्रश्न वाटेत उभा राहतो. इस्रायलच्या उत्तरेस हुला नावाचे सरोवर आणि दलदल होती. मलेरिया हटवावा आणि शेतजमीन मिळावी, या हेतूने 1950 च्या दशकात ती कोरडी करण्यात आली. हेतू लोकांच्या भल्याचाच होता. परंतु सुकलेल्या मातीला आगी लागू लागल्या, जमीन खचली आणि मातीतील क्षार वाहून गॅलिलीच्या सरोवरात जाऊ लागले. अखेर 1994 मध्ये खोऱ्याचा काही भाग पुन्हा पाण्याखाली आणावा लागला.

दरम्यान नैसर्गिक पाणथळी आटल्या आणि त्यांच्या जागी मत्स्यशेतीची तळी आली. दरवर्षी सुमारे 40 ते 50 हजार झोळीवाले या चिंचोळ्या देशावरून जातात. भुकेला थवा तळ्यात उतरला की शेतकऱ्याचे नुकसान होते. फटाके वाजवले गेले, छर्रेही मारले गेले. यात चूक कोणाची? पक्ष्याला मालकी कळत नाही, आणि शेतकऱ्याचे घर त्या तळ्यावर चालते. पक्ष्यांवर दया करा, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे, कारण त्या दयेची किंमत सांगणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

तेथे निघालेला मार्ग म्हणून विचार करण्याजोगा आहे. शासकीय खर्चाने काही ठरावीक जलाशयांत बाजारात फारसा भाव नसलेले मासे सोडले जातात, म्हणजे थवे तेथे उतरतात आणि शेतकऱ्याच्या तळ्यांवरचा भार हलका होतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. आयत्या अन्नामुळे पक्षी अधिक काळ रेंगाळतात, अशी शंका घेतली जाते. पण भार एकट्या शेतकऱ्यावर टाकायचा नाही, हे तत्त्व योग्य आहे. कर्नाटकातील कोक्करे बेल्लूर या गावात ठिपकेवाले झोळीवाले घराशेजारच्या चिंचेवर घरटी करतात. गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले, त्यांच्या विष्ठेचे खत शेतात वापरत आले. चिंचेच्या बुडालेल्या उत्पन्नापोटी वनखात्याने तेथे भरपाईची पद्धत सुरू केली. दोन्ही ठिकाणी करुणेला हिशेबाची जोड आहे.

सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास 26 वर्षे झाल्यावर, अवध्य प्राण्यांची यादीच कोरून घेतली. पोपट, मैना, चक्रवाक आणि हंस यांची नावे तीत आहेत. सातव्या स्तंभलेखात वाटेवरच्या वडांचा, आमरायांचा आणि विहिरींचा उल्लेख माणसे आणि पशू या दोघांच्या सोयीसाठी येतो. अशोकाची करुणा मनात राहिली नाही, ती राज्यकारभाराचा नियम झाली. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. पाणी कोणाचे, हा प्रश्न ज्यांच्या पूर्वजांनी एवढी किंमत देऊन विचारला, त्यांच्या मुलांनी तो पुढेही विचारत राहावा. आपल्या शाळेजवळच्या तलावावर हिवाळ्यात कोणते पक्षी येतात, काय खातात, किती दिवस राहतात आणि त्याच पाण्यावर कोणाची चूल पेटते, याची नोंदवही या वर्षी ठेवावी. ऐकीव काहीही लिहू नये. पाहिलेले तेवढेच, तारखेसह लिहावे.