विज्ञान मंडळाची गंगाजळी

पैशाची चणचण फक्त तुमच्याच विज्ञान मंडळाला भासते असे समजू नका. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक सभासदाने प्रवेशासाठी दहा शिलिंग आणि पुढे दर आठवड्याला एक शिलिंग द्यावा असे ठरले होते. मग तो सभेला येवो वा न येवो! तरीही वर्गणी थकतच असे. १६८६ मध्ये सोसायटीने विलबी या निसर्गशास्त्रज्ञाचा माशांवरील जाडजूड सचित्र ग्रंथ पदरच्या खर्चाने छापला. तो खपला नाही आणि तिजोरीत खडखडाट झाला. नेमका त्याच सुमारास न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' छापायचा होता. अखेर एडमंड हॅलेने स्वतःच्या खिशातून खर्च केला व १६८७ साली तो ग्रंथ बाहेर पडला. गंमत अशी, की हॅलेचा पगार द्यायलाही सोसायटीजवळ पैसे नव्हते. त्यापोटी त्याला माशांच्या ग्रंथाच्या प्रती देण्यात आल्या!

माल आधी तयार करायचा आणि गिऱ्हाईक मागाहून शोधायचे, असे केले की हे होते. शाळेतील मंडळेही हीच चूक करतात. भेटकार्डे, कागदी फुले, आकाशकंदील हौसेने तयार होतात आणि अर्धे कपाटात पडून राहतात. म्हणून पहिला प्रश्न 'काय करू या?' हा नव्हे, तर 'कोणाला काय हवे आहे?' हा असावा.

'मग सरळ वर्गणी काढली तर?' असे कोणी विचारील. मीही पूर्वी तेच करीत असे. एका वर्षी सहलीची वर्गणी जाहीर केली. प्रयोगशाळेत सर्वांआधी येणारा एक मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, मला विज्ञानाची तेवढी आवड नाही." त्याची आवड कशाने आटली हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून मंडळात वर्गणी श्रमाची, पैशाची नाही, असा नियम मी केला.

आता एक उदाहरण घेऊ. नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली जाते. समजा, तुमच्या मंडळाला तेथे जायचे आहे आणि बसला १२,००० रुपये लागणार आहेत. (येथील सर्व दर उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे दर विचारून हिशेब पुन्हा मांडा.)

शाळेला रोज हवी असणारी वस्तू कोणती? खडू! जेथे काळा फळा आहे तेथे गिऱ्हाईक आयतेच घरात आहे. मुख्याध्यापकांना आधी भेटून दुकानाच्याच दराने मंडळाचे खडू घेण्याचे कबूल करून घ्यावे. मगच पावडर आणावी.

ही पावडर म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस. जिप्सम तापवून त्यातील पाणी बरेचसे घालवले की ते तयार होते. आपण पाणी घातले की पुन्हा जिप्सम बनते. या क्रियेसाठी १०० ग्रॅम पावडरीला फक्त १८.६ ग्रॅम पाणी पुरते. पण एवढ्या पाण्यात पीठ भिजणारसुद्धा नाही. ओतता येण्याजोगी खीर होण्यासाठी सुमारे ७० ग्रॅम लागते. वरचे ५१ ग्रॅम उन्हात उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. सुकलेल्या खडूत जवळजवळ निम्मी जागा हवेची असते! म्हणूनच तो फळ्यावर झिजतो व उमटतो. पाणी कमी पडले तर खडू कठीण होऊन ओरखडतो, जास्त झाले तर बोटात मोडतो. ६०, ७०, ८० आणि ९० ग्रॅम पाणी घेऊन चार नमुने करा व शिक्षकांकडून लिहून घेऊन परीक्षा करा.

जाड कागदाच्या सेंटिमीटरभर रुंद नळ्या करून आतून तेलाचा हात लावावा व ओल्या मातीत उभ्या रोवाव्यात. पाण्यात पावडर सोडावी, पावडरीत पाणी नव्हे. नाहीतर गुठळ्या होतात. चटकन ढवळून ओतावे, घट्ट झाल्यावर कागद सोडवावा व दोनतीन दिवस ऊन द्यावे. नाकाला रुमाल बांधावा. उरलेला काला मोरीत ओतू नये, तो तेथेच दगड होऊन बसेल. आणि भांड्यातील ओल्या प्लॅस्टरमध्ये हात बुडवून ठेवण्याचा खेळ कधीही करू नये. घट्ट होताना ते चांगलेच तापते. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ साली एका मुलीला अशाने बोटे गमवावी लागली.

आठ सेंटिमीटर लांबीचा खडू सुमारे ७ ग्रॅम भरतो. एक किलो पावडरीचे हिशेबाने १७० खडू व्हावेत. मोडतोड, सांडलवंड जाता १२५ धरू. पावडर, कागद, तेल, खोके मिळून खर्च ४५ रुपये आणि १०० खडूंना भाव ६० रुपये. म्हणजे किलोमागे विक्री ७५ व नफा ३० रुपये. शाळेला वर्षाला १०,००० खडू लागत असतील तर ८० किलो पावडर व नफा २,४०० रुपये. दर शनिवारी चार किलो केले तरी वीस शनिवार गेले. एवढ्यावर बस येत नाही!

तेव्हा रद्दी. यात विज्ञान कमी, पण पैसा अधिक, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. १८० घरांतून चार-चार किलो मिळाली तर ७२० किलो. १२ रुपये दराने ८,६४० रुपये, आणि खर्च जवळजवळ शून्य. मात्र रद्दी विकून त्या घरालाही चार पैसे मिळालेच असते. तेव्हा ती देणगीच होय; कशासाठी मागतो ते दारातच सांगावे. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो व रद्दीवाला वजनात कसर काढतो, म्हणून दिवाळीपूर्वीच्या साफसफाईचा मुहूर्त उत्तम. शाळेत आधी वजन करून मगच त्याला बोलवावे. कोणी किती आणली याची यादी फळ्यावर लावू नये. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही त्याच्या हाती तराजू द्यावा.

अजून ९६० रुपये हवेत. स्नेहसंमेलनात वजनकाटा मांडून 'चंद्रावर आपले वजन किती?' अशी पाटी लावावी. ६० किलोच्या माणसाला चंद्रावर काटा १० किलो दाखवील, मंगळावर सुमारे २३ आणि गुरूवर १५०! वस्तुमान तेच, बदलते ते वजन, हे समजावून सांगून दहा रुपयांत तिन्ही आकड्यांचे कार्ड द्यावे. ते कोऱ्या पाठीच्या कागदावर हातानेच लिहावे. १२० पालक आले की १,२०० रुपये झाले. सोडतीची तिकिटे मात्र काढू नयेत. शासनाच्या मान्यतेशिवाय सोडत चालवणे हा गुन्हा आहे.

पैसे कोणाच्या खिशात राहू नयेत. त्याच दिवशी दोघांच्या सह्यांनी वहीत नोंद करून ते शाळेत जमा करावेत व महिन्याचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. रद्दी देणारे तो वाचायला येतात. आपल्या उदाहरणात जमा १२,२४०, बस १२,०००. उरलेले २४० रुपये पुढल्या वर्षीच्या वहीत पहिल्या ओळीवर 'मागील शिल्लक' म्हणून मांडावेत. पावडरीच्या पहिल्या पाच किलोंची सोय त्यातून होते.