गुजरात वेगळं झालं, मग उरलेल्या राज्याचं काय झालं? (इयत्ता पाचवीसाठी एक पाठ)



एक मे म्हटलं की आपल्याकडे ध्वजवंदन, निकाल आणि मग सुट्टी. महाराष्ट्र दिनाचा पाठ मी बरीच वर्षं एकाच पद्धतीनं घ्यायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, १०६ हुतात्मे, मंगल कलश, की पाठ संपला.

गेल्या वर्षी हा पाठ अडला. आमची शाळा चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत, मराठवाड्यातून आलेली तर कितीतरी. एक मुलगी भावनगरकडची. तिनं हात वर केला, "बाई, म्हणजे आमचं गुजरात तुम्हाला नको होतं का?" दोन-तीन मुलं हसली. ती खाली बसली आणि तासभर बोललीच नाही.

चूक माझी होती. कोणीतरी जिंकलं आणि कोणाला तरी बाहेर काढलं, असं मी नकळत शिकवत होते. म्हणून पाठ नव्यानं बांधला. तो इथे देते.

१. सुरुवात घरापासून

फळ्यावर एक मोठं घर काढा. दोन भाऊ, एक चूल, एक विहीर, एक सातबारा. धाकटा म्हणतो, मी वेगळा राहतो. आता काय काय ठरवावं लागेल? मुलं भराभर सांगतात: जमीन, भांडी, बैल, कर्ज, आजी कुणाकडे राहणार!

एक काळजी मात्र घ्या. आपल्या भागात जमिनींना भाव आल्यापासून अनेक घरांत वाटण्या ताज्या आहेत. 'तुझ्या घरी काय झालं?' असं कुणालाही विचारू नका. घर काल्पनिकच ठेवा.

२. काय घडलं?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. त्यात मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र होता. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळं त्यात आलं. पण दोन्ही भाषकांना आपापलं राज्य हवं होतं. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती लढत होती, तिकडे इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ. दोन्हीकडे माणसं गोळीबारात गेली. हे मुलांना जरूर सांगा. मीच आधी ते सांगत नव्हते.

शेवटी संसदेनं १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली. आता गंमत बघा. कायद्याच्या भाषेत गुजरात हे नवं राज्य काढलं गेलं आणि 'उरलेल्या' मुंबई राज्याला महाराष्ट्र हे नाव मिळालं. म्हणजे कागदावर आपण उरलेले!

३. वाटणी कशी झाली?

- आमदार: विधानसभेत ३९६ जागा होत्या. गुजरातला १३२, महाराष्ट्राला २६४. लगेच नवी निवडणूक घेतली नाही. गुजराती भागातून निवडून आलेले आमदार तिकडच्या विधानसभेत बसले.
- न्यायालय: मुंबई उच्च न्यायालय इथेच राहिलं, अहमदाबादला नवं उच्च न्यायालय झालं.
- सीमा: जिल्हे वाटले गेलेच, पण ठाणे आणि पश्चिम खानदेश जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांतली गावंही गुजरातकडे गेली. डांगही तिकडे गेला.
- पैसा: कर्ज आणि मालमत्ता वाटावी लागली. गुजरातला पहिली काही वर्षं तूट पडणार होती, त्यासाठी निधीची तरतूद झाली.
- कायदे: जुने कायदे एका रात्रीत रद्द झाले नाहीत. उदाहरणार्थ, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्हीकडे चालू राहिला. पुढे ज्यानं त्यानं आपापल्या परीनं तो बदलला.

आणि नातं तुटलं नाही. दोन्ही राज्यं आजही पश्चिम विभागीय परिषदेत एकत्र बसतात.

४. देशातून बाहेर पडता येतं का?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. उत्तर स्पष्ट द्या: नाही. गुजरात मुंबई राज्यातून वेगळं झालं, भारतातून नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं की आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याला फुटून जाण्याचा हक्क नाही. राज्यांच्या सीमा आणि नावं मात्र कलम ३ प्रमाणे संसद बदलू शकते. संबंधित राज्याचं मत विचारलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. आंध्र प्रदेश विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी २०१४ मध्ये तेलंगणा झालं.

युरोपीय संघाचं वेगळं आहे. तिथे देश करार करून एकत्र आलेत, म्हणून बाहेर पडायचा नियमही करारातच आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं. मग उरलेल्यांना घर आवरावं लागलं. युरोपीय संसदेच्या जागा ७५१ वरून ७०५ झाल्या. ब्रिटनच्या ७३ पैकी २७ जागा इतर देशांना दिल्या. लंडनमधलं औषधांचं कार्यालय ॲमस्टरडॅमला गेलं.

५. वर्गात करून पाहा

दोन गट करा. एक 'जाणारा', एक 'उरणारा'. प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या: काय मागू, काय देऊ, काय एकत्र ठेवू. मग गट उलटे करा. इथेच खरा पाठ होतो, कारण मघाशी जास्त मागणारी मुलं आता स्वतःच कुरकुरतात.

यंदा हा पाठ घेतला तेव्हा ती भावनगरची मुलगी 'उरणाऱ्या' गटात होती. 'काय एकत्र ठेवू' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: नर्मदा नदी, रेल्वे आणि सुट्टीत एकमेकांकडे जाणं. फळ्यावर ते मी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याखाली आणखी चार गोष्टी लिहिल्या होत्या.