मूत्रपिंड-धमनीच्या चेतातंतूंवरील कॅथेटर-उपचार : निर्धोक किती?

अहवालवर्षात एका हितचिंतक देणगीदारांनी विश्वस्त मंडळास पत्राने विचारणा केली, की औषधांना दाद न देणाऱ्या उच्च रक्तदाबावरील कॅथेटर-उपचाराची सामग्री त्यांनी दिल्यास रुग्णालय ती स्वीकारील काय. प्रस्ताव उदार होता. तथापि हा उपचार रुग्णास कितपत निर्धोक आहे, हे आधी जाणून घेणे आम्हांस क्रमप्राप्त वाटले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय बाजू हृदयरोग विभागाच्या डॉक्टरांकडून समजावून घेतली आहे.

मूत्रपिंडाच्या धमनीभोवती अनुकंपी चेतातंतूंचे जाळे असते. ते अतिक्रियाशील झाले की मूत्रपिंड क्षार व पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढतो. पूर्वी, प्रभावी औषधे निघण्याआधी, शस्त्रक्रियेने अनुकंपी तंतू कापीत. रक्तदाब उतरे, पण उभे राहताच घेरी येई. आता जांघेतील धमनीतून बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने धमनीबाहेरील तंतू निकामी करतात. वाहते रक्त धमनीचे अस्तर थंड ठेवते. उष्णता देताना वेदना होतात, म्हणून गुंगीचे व वेदनाशामक औषध द्यावे लागते.

धोके मुख्यतः नळीचेच आहेत : जांघेत रक्तस्राव वा रक्ताची गाठ, क्वचित धमनीच्या अस्तरास चीर, तसेच क्ष-किरण चित्रासाठी सोडलेल्या द्रव्याचा मूत्रपिंडावर ताण. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ४५ रुग्णांवर उपचार झाले. त्यांतील एकाच्या धमनीस चीर पडली, तीही उष्णता देण्यापूर्वी. पुढे धमनी आकुंचित होईल, ही भीती मोठी होती. २०२० मधील एकत्रित विश्लेषणात पाच हजारांहून अधिक रुग्णांमध्ये त्यासाठी स्टेंट बसवावा लागण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ०.२ टक्के आढळले.

येथवर जमेची बाजू. परंतु धोका कमी म्हणून उपचार योग्य, असे होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ५३५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत काही रुग्णांची केवळ धमनीचित्रण तपासणी केली. आपल्यावर कोणता प्रयोग झाला हे त्यांना कळू दिले नाही. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब उपचार झालेल्यांत सरासरी १४ अंकांनी, तर नुसत्या तपासणीवाल्यांत जवळजवळ १२ अंकांनी उतरला! सुधारित नळीने पुढे काही चाचण्यांत खरा, पण माफक लाभ दिसला. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने रेडिओलहरींचा हा उपचार सुरक्षित असल्याचा कौल एकमताने दिला. लाभ जोखमीहून अधिक आहे काय, यावर मात्र ती दुभंगली. नोव्हेंबरमध्ये मान्यता मिळाली.

नातेवाईक विचारतात, 'हे केल्यावर गोळ्या सुटतील ना?' सहसा सुटत नाहीत. शिवाय मूत्रपिंडे बरीच क्षीण झालेल्यांना किंवा धमनी आधीच अरुंद असलेल्यांना हा उपचार सामान्यतः देत नाहीत.

आमच्या औषध विभागाच्या पावत्या चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. महिन्याची चिठ्ठी असते, गोळ्या दहा दिवसांच्याच नेलेल्या असतात. अशा रुग्णाचा रक्तदाब औषधांना दाद देत नाही, असे कसे म्हणावे? आम्ही देणगीदारांना हे मोकळेपणाने कळविले. त्यांनी आनंदाने संमती दिली असून त्यांच्या देणगीतून चोवीस तास रक्तदाब नोंदविणारी दोन यंत्रे घेतली आहेत. उरलेली रक्कम गरजू रुग्णांच्या मासिक गोळ्यांसाठी स्वतंत्र खात्यात ठेवली आहे. कॅथेटर-उपचाराचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे पुढील वर्षी पुन्हा येईल.